ताबा वडिलांकडे, मग प्रगतिपत्रक आईला का नाही? ठाण्यातलं एक प्रकरण

मुलगा पाचवीत. घर घोडबंदर रोडला, वडील आणि आजी-आजोबांसोबत. आई ऐरोलीला भाड्याच्या खोलीत राहते आणि नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. घटस्फोट परस्पर संमतीने झालेला. मुलाचा ताबा वडिलांकडे, आईला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेट. तिची रात्रपाळी असते, खोलीवर दुसरं कुणी नसतं आणि तिकडे मुलाला बघायला दोन जाणती माणसं घरात आहेत, हे पाहून तिने स्वतःच हे मान्य केलं होतं. तरी या प्रकरणात भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तिला आधी हेच विचारलं, "ताबा तुमच्याकडे कसा काय नाही?" मूल आईकडे नाही म्हणजे आईतच काहीतरी खोट असणार, हा समज शाळेच्या खिडकीपासून कोर्टाच्या बाकापर्यंत तिच्या आधी पोचलेला होता.

मी वकील नाही. शाळेत बरीच वर्षं नोकरी केली आणि आता ठाण्यात वेगळे राहणाऱ्या आई-वडिलांना शाळेच्या कामात मदत करते. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे तपशील बदलले आहेत. कायद्याची कलमं मात्र आहेत तशीच दिली आहेत, कारण अशा अडचणीतल्या कुणाच्याही ती उपयोगी पडावीत.

मे महिन्यातल्या भेटीत तलावपाळीला फिरताना मुलगा सहज बोलून गेला, "आई, मला जूनमध्ये गणिताचा पेपर परत द्यायचाय." आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती समजत होती, आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत. पूर्वी तसंच होतं. पण केंद्राने २०१९ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत मूल कमी पडलं तर निकालानंतर दोन महिन्यांच्या आत त्याची पुनर्परीक्षा होते. त्यातही जमलं नाही तर ते त्याच वर्गात राहतं. म्हणजे मुलाचं वर्ष जायची शक्यता होती, हातात जेमतेम महिना होता आणि आईला कळलं ते मुलाच्या तोंडून.

सोमवारी ड्यूटी संपवून ती थेट शाळेत गेली. सुट्टी असली तरी ऑफिस सकाळी उघडं असतं. क्लार्कने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, सिस्टीमला फक्त फादरचा नंबर आहे. तुम्हाला काही देता येणार नाही. फादरचं लेटर आणा." दोन वर्षांपूर्वीपर्यंत शाळेच्या ॲपवर आईचाही नंबर होता. गृहपाठ, हजेरी, सूचना, सगळं तिला यायचं. मग एक दिवस ॲप उघडेना, ओटीपी येईना. तिला वाटलं, फोन बदलला म्हणून असेल. प्रत्यक्षात वडिलांनी शाळेला पत्र देऊन नंबर काढायला लावला होता. पत्रात वाक्य होतं, "माझ्या लेखी परवानगीशिवाय माझ्या मुलाची माहिती कोणालाही देऊ नये." या "कोणालाही"त शाळेने आईलाही धरलं.

मुख्याध्यापिका तिच्याशी नीट बोलल्या, पण ठाम होत्या. "अहो, तुमची तळमळ कळते मला. पण कोर्टाने कस्टडी त्यांना दिलीय. उद्या ते आमच्यावर केस करतील."

ही भीती खोटी नाही. आई-बाप भांडतात आणि मध्ये शाळा सापडते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. एकजण येऊन म्हणतो माहिती का दिली, दुसरा म्हणतो का दिली नाही. अशा वेळी जो फी भरतो, ज्याचा पत्ता रजिस्टरला आहे, त्याचं ऐकणं शाळेला सोयीचं पडतं. मुख्याध्यापिकांना आईचा राग नव्हता. फाईलला लावायला कागद हवा होता, आणि त्यांच्याजवळ एकच कागद होता, वडिलांचा.

आई माझ्याकडे आली तोवर सल्ले भरपूर गोळा झाले होते. एक नातेवाईक म्हणत होता पोलिसात जा. त्यात पोलिसांचं काम नव्हतं. वॉर्डातल्या एका सिस्टरने माहिती अधिकाराचा अर्ज लिहूनही दिला होता. तो मी टाकू दिला नाही. माहिती अधिकार कायदा सार्वजनिक प्राधिकरणांना लागू आहे. ही शाळा खासगी, विनाअनुदानित. शिक्षण विभागामार्फत फिरून जायचं तर उत्तराची मुदतच तीस दिवसांची, आणि एका विद्यार्थ्याचे गुण ही वैयक्तिक माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी. त्यानंतर अपील. तोवर पुनर्परीक्षा होऊन गेली असती. शिवाय हा अर्ज कुणीही नागरिक करू शकतो. इथे मागणारी बाई कुणीही नागरिक नव्हती, मुलाची आई होती, आणि मागणी त्याच नात्याने व्हायला हवी होती.

कागदांत काय होतं

मी तिच्याकडून हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशाची, आणि संमतीच्या अटींची प्रत मागितली. हे सगळ्यात आधी करायचं असतं, आणि लोक हेच करत नाहीत. घटस्फोट झाला की ती फाईल कपाटात तळाशी जाते. तिच्याकडे झेरॉक्स होती, तीही एक पान कमी. प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करायला लावला.

अटींत ताब्याचं एक कलम, भेटीचं एक, खर्चाचं एक. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटून घ्यायची, यावर अर्धं पान. शाळेबद्दल एक अक्षर नाही. आईने माहिती घेऊ नये असंही नाही आणि घ्यावी असंही नाही. ठाण्याच्या कोर्टात होणाऱ्या संमतीच्या घटस्फोटांच्या ज्या प्रती मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेकांत हीच पोकळी होती. दागिन्यांची यादी ग्रॅममध्ये असते आणि पोराच्या शाळेला जागा नसते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या टेबलावर एक ओळ घालायला कुणाचीच हरकत नसते. दोन वर्षांनी तीच ओळ मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे राहणार. त्याने दुसऱ्याचं आईपण किंवा बापपण रद्द होत नाही. हे सगळ्यांना ऐकायला पटतं, पण शाळेच्या टेबलावर नुसत्या पटण्याने काम होत नाही. तिथे कलम लागतं.

अशा वेळी १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा पुढे केला जातो. त्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असं लिहिलंय. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की "त्यांच्यानंतर" याचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा नाही. वडील मुलाचं बघत नसतील तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक ठरते. निकाल मोलाचा आहे, पण या आईला त्याचा थेट उपयोग नव्हता, कारण इथले वडील मुलाचं नीट बघत होते. विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकीलबाईंनीही हेच सांगितलं. (१९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नोकरी करणाऱ्या बायकांना वाटतं आपल्याला मिळणार नाही. मिळतो.)

उपयोगी पडला तो शाळांनी दुर्बल घटकांच्या २५ टक्के प्रवेशांपुरता लक्षात ठेवलेला कायदा. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत पालक म्हणजे मुलाचे जन्मदाते, सावत्र किंवा दत्तक वडील किंवा आई. ताब्याची अट तिथे कुठेही नाही. आणि कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिलीत, त्यात एक असं की त्यांनी पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती आणि इतर संबंधित माहिती त्यांना द्यावी. या दोन तरतुदी एकापुढे एक ठेवून वाचल्या की आईला हजेरी आणि प्रगती सांगणं ही शाळेची मेहेरबानी राहत नाही, वर्गशिक्षिकेचं काम ठरतं. हा कायदा विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. अल्पसंख्याक शाळा मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यातून वगळल्या गेल्या. ही शाळा अल्पसंख्याक नव्हती.

अमेरिकेत यावर थेट कायदा आहे, १९७४ पासून. तिथल्या केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शाळेला आई-वडील दोघांनाही मुलाची नोंद दाखवावी लागते, ताबा कुणाकडेही असो. एखाद्याचा हा हक्क स्पष्टपणे काढून घेणारा कोर्टाचा आदेश शाळेला दाखवला, तरच ती नाकारू शकते. मागणी केल्यापासून ४५ दिवसांची मुदत आहे. म्हणजे मनाई आहे हे सिद्ध करायचं ओझं रोखणाऱ्यावर. आपल्याकडे मागणाऱ्यालाच परवानगी आणायला पाठवतात. इतकं नेमकं कलम आपल्याकडे नाही, म्हणून आहे त्यातूनच वाट काढावी लागते.

अर्ज

आईचा पहिला अर्ज वहीच्या पानावर होता. त्यात लग्नात काय झालं, सासू काय बोलली, मुलासाठी ती किती रडते, सगळं होतं. ते खरंच होतं, पण मुख्याध्यापिकांना त्यातून काय करायचं हे कळलं नसतं. दुसरा अर्ज एका पानाचा केला. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, जनरल रजिस्टर नंबर. नात्याचा पुरावा म्हणून जन्माचा दाखला. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि "आईने शाळेकडून माहिती घेण्यास मनाई करणारा कोणताही आदेश नाही" हे वाक्य. मग नेमकी मागणी: पाचवीचं प्रगतिपत्रक, वर्षभराची हजेरी, गणिताची उत्तरपत्रिका पाहायला मिळावी, पुनर्परीक्षेचं वेळापत्रक आणि वर्गशिक्षिकेची भेट. वडिलांचा पत्ता आणि फोन झाकून प्रत दिली तरी चालेल, हे आम्ही आपणहून लिहिलं. खाली दोन कलमं. आणि शेवटी आणखी एक ओळ: हा अर्ज फक्त माहितीसाठी आहे, शाळा सोडल्याचा दाखला किंवा मुलाला शाळेतून नेण्याची परवानगी यात मागितलेली नाही.

ती शेवटची ओळ घालण्यामागे कारण होतं. घटस्फोटानंतर एकदा रागाच्या भरात आई फोनवर म्हणाली होती, "मी त्याला घेऊन येईन आणि ऐरोलीच्या शाळेत घालेन." वडिलांनी शाळेला ते पत्र दिलं ते या फोननंतर. त्यांना आईला प्रगतिपत्रकापासून तोडायचं नव्हतं, ती एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) काढून मुलाला घेऊन जाईल या धास्तीने त्यांनी सगळंच बंद केलं होतं. आणि धास्तीला आधार होता. दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी तो ताबडतोब द्यायचा, असं हाच शिक्षण हक्क कायदा सांगतो, आणि ऑफिसात बऱ्याचदा एकाच पालकाच्या सहीवर तो निघतो.

अर्ज दिला आणि ओसीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतली. क्लार्क म्हणत होता "ठेवून जा, मॅडम बघतील". शिक्का मिळेपर्यंत हलायचं नाही, हे मी आईला आधीच बजावलं होतं. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज आणि न दिलेला अर्ज यांत पुढे काही फरक उरत नाही.

शाळेने संस्थेच्या वकिलांना विचारलं, वडिलांना कळवलं आणि आठवडाभरात आईला बोलावलं. प्रगतिपत्रकाची प्रत दिली, हजेरीचा उतारा दिला. उत्तरपत्रिका दिली नाही, पण वर्गशिक्षिकेसमोर बसून पाहू दिली. त्या प्रगतिपत्रकावर मुलाच्या नावाखाली छापील रकाना होता, "आईचे नाव", आणि त्यात तिचं नाव टाइप केलेलं. वर्षभर तिला न दाखवलेल्या कागदावर तिचं नाव मात्र होतं. खाली "पालकांची सही" या जागी प्रत्येक सत्राला आजोबांची सही.

उत्तरपत्रिका मी पाहिलेली नाही, आईने सांगितलं ते लिहिते. उभी मांडलेली बेरीज, गुणाकार, भागाकार, सगळं बरोबर. शाब्दिक उदाहरणं कोरी. एकाही ठिकाणी चुकीचं उत्तर नव्हतं, त्याने पेन्सिलच टेकवली नव्हती. वर्गशिक्षिकेचा शेरा दोन्ही सत्रांत जवळपास एकच, "वाचन संथ आहे, सराव हवा." घरी समज असा होता की मुलाचं गणित कच्चं आहे. क्लास लावला होता आणि तिथे त्याच्याकडून रोज पाढे पाठ करून घेत होते. पाढे त्याला येतच होते.

आईने मग रोज ड्यूटीवर जाण्याआधी व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून दोन-तीन शाब्दिक उदाहरणं मोठ्याने वाचून घ्यायला सुरुवात केली. कॉल आजींच्या फोनवर लागायचा. सुरुवातीला आजी फोन देऊन निघून जायच्या, नंतर शेजारी बसायला लागल्या. वडिलांनी पाढ्यांचा क्लास थांबवला आणि संध्याकाळी स्वतः वाचून घेऊ लागले. मुलगा पुनर्परीक्षेत पास झाला. ते आईमुळे झालं असं मी म्हणणार नाही, वडिलांचेही कष्ट त्यात तेवढेच होते. पण नेमकं काय अडलंय हे त्या कोऱ्या जागा पाहिल्यावरच दोघांना कळलं, आणि त्या पाहायची मागणी आईने केली होती.

कोर्टात

शाळेने एकदा दिलं म्हणजे दर वर्षी देईल असं नाही. मुख्याध्यापिका बदलतात, संस्थेचे वकील बदलतात. शिवाय शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंत, आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीला, जिथे माहितीची सगळ्यात जास्त गरज, तिथे ही दोन कलमं हाताशी नसतात. म्हणून उन्हाळी सुट्टी संपून कोर्ट उघडल्यावर ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली. हुकूमनामा झाल्यानंतरही मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण याबाबत न्यायालय वेळोवेळी आदेश देऊ शकतं, असं ते कलम सांगतं. घटस्फोटाचं प्रकरण पुन्हा उघडावं लागेल आणि ताबाच पणाला लागेल, ही भीती पुष्कळांना असते. या अर्जात ताब्याचा प्रश्नच काढलेला नव्हता, आणि ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं.

वडील चिडूनच आले. "मला न विचारता शाळेत गेली कशी?" समुपदेशकांनी त्यांना अर्धा तास बोलू दिलं. एलसीची भीती तिथे पहिल्यांदा उघड बोलली गेली. आईने ती ऐकली आणि म्हणाली, "एलसी मला नकोच आहे. लिहून घ्या." मग वडील जरा सैल झाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलंय की दोन्ही पालकांचं प्रेम आणि सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे. वकीलबाईंनी अर्जात त्याचा उल्लेख केला होता, पण वाद मिटला तो निकाल वाचून नाही. माहिती घेणं आणि निर्णय घेणं या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या झाल्या, तेव्हा मिटला.

दोघांच्या सहीची पुरशीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल झाली आणि न्यायालयाने तीप्रमाणे आदेश केला. प्रगतिपत्रक, हजेरी, परीक्षांचं वेळापत्रक, शिक्षकांचे शेरे, आजारपण किंवा अपघाताची खबर हे सगळं शाळेने दोघांनाही परस्पर द्यायचं. ॲपवर आईचा नंबर दुसरा म्हणून जोडायचा. पालकसभेला दोघांनाही येता येईल. एकत्र बसायचं नसेल तर शाळेकडे वेगळी वेळ मागायची. दाखला काढणं आणि नावात किंवा जन्मतारखेत दुरुस्ती करणं, यासाठी दोघांची लेखी संमती किंवा कोर्टाचा आदेश लागेल. मुलाला गेटवरून नेण्याचा अधिकार वडिलांचा आणि ते लेखी कळवतील त्यांचाच.

मुख्याध्यापिकांना प्रमाणित प्रत दिली तेव्हा त्यांनी ती तिथेच उभ्या उभ्या वाचली. "हे असं आधी असतं तर माझी झोप नसती उडाली," म्हणाल्या. आता त्या प्रवेशाच्या फॉर्मबरोबर वेगळ्या राहणाऱ्या पालकांकडून कोर्टाच्या आदेशाची प्रत मागतात, आणि कुणाच्या एकट्याच्या पत्रावर दुसऱ्याचा नंबर काढत नाहीत.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. प्रत्येक घर या घरासारखं नसतं. जिथे मारहाण झाली आहे, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश आहे किंवा भेटीवरच बंदी आहे, तिथे शाळेच्या नोंदीतला पत्ता, बसचा थांबा, सुटण्याची वेळ चुकीच्या हातात पडली तर घात होऊ शकतो. अशा पालकाने तो आदेश शाळेला स्वतःहून द्यावा आणि शाळेने तो पाळावाच. "काही देऊ नका" एवढंच म्हणणारं पत्र आणि कोर्टाचा मनाई आदेश यांत शाळेने फरक करायला शिकलं पाहिजे. तो फरक न केल्यानेच या आईची दोन वर्षं गेली.

ज्यांचे कागद अजून व्हायचे आहेत त्यांच्यासाठी पुरशीशीतली एक बारीक गोष्ट. पहिल्या मसुद्यात शाळेचं नाव घातलं होतं. वकीलबाईंनी ते खोडून लिहिलं, "मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत ज्या ज्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात शिकत असेल तेथे". आठवीनंतर वडील त्याला दुसऱ्या शाळेत घालायचा विचार करतायत. तिथे हाच आदेश चालेल.